हेवी मेटल संगीतातील कीबोर्ड : ख्रिस्ती कुटुंबांसाठी ओळख आणि विवेक

रविवारच्या मिस्सेत कीबोर्डवर साथ करणारा आपला मुलगा उरलेला आठवडा हेवी मेटल नावाचे कर्कश संगीत ऐकण्यात घालवतो, हे लक्षात आले की अनेक आईवडिलांच्या मनात काहूर माजते. त्या बँडच्या छायाचित्रांत काळे कपडे, कवट्या, कधी उलटे क्रूस दिसतात. गाण्याचे शब्द तर कळतच नाहीत. हे सैतानाचे संगीत आहे काय? ते वाजवणारी बोटे वेदीजवळच्या कीबोर्डवर चालतील काय? की त्या मुलाला गायकवृंदातून दूर करावे? वर्धा, हिंगणघाट, पुलगाव या परिसरातील कुटुंबांतही असे प्रश्न उभे राहतात. वर्धा, सेवाग्राम आणि सावंगी येथील महाविद्यालयांमुळे आपल्या जिल्ह्यात दूरदूरचे तरुण शिकावयास येतात, आणि मोबाइलमुळे जगातील कोणतेही संगीत आर्वीच्या घरातही पोचते. अशा वेळी विषयाकडे पाठ फिरवण्यापेक्षा तो समजून घेणे हिताचे ठरेल.

प्रस्तुत लेखात तीन गोष्टी पाहू. हेवी मेटलमध्ये कीबोर्ड आणि सिंथेसायझर यांचे काम काय असते; हे वाद्य तेथे कोणत्या वाटेने पोचले; आणि ख्रिस्तसभेच्या उपासनेच्या नियमांच्या प्रकाशात आपण त्याकडे कसे पाहावे.

हेवी मेटल म्हणजे काय?

या संगीताचा जन्म इंग्लंडमधील बर्मिंगहॅम या कारखान्यांच्या शहरात झाला, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. तेथील चार कामगार-कुटुंबांतील तरुणांच्या 'ब्लॅक सॅबथ' या वाद्यवृंदाचा पहिला अल्बम १३ फेब्रुवारी १९७० रोजी प्रसिद्ध झाला. त्यांचा गिटारवादक टोनी आयोमी याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके कारखान्यातील यंत्रात तुटली होती. बोटांना टोपणे लावून, तारा सैल करून तो वाजवू लागला आणि त्यातून एक जड, खोल नाद तयार झाला. विजेने वाढवलेली आणि मुद्दाम फाटलेल्या आवाजाची गिटार, तिच्या जोडीला बेस गिटार, जोरकस ड्रम आणि ताणलेला मानवी आवाज, हा या संगीताचा सांगाडा होय.

नावावरून हे चौघे सैतानाचे उपासक असावेत असा अनेकांचा समज झाला. वस्तुस्थिती अधिक गुंतागुंतीची आहे. त्यांची बहुतेक गीते लिहिणारा गीझर बटलर आयरिश कॅथलिक कुटुंबात वाढला होता. १९७१ सालच्या त्यांच्या तिसऱ्या अल्बममध्ये त्याने लिहिलेले एक गीत, देवाची थट्टा करणाऱ्यांना मरणानंतरच्या जीवनाविषयी थेट प्रश्न विचारते. युद्ध, वेडेपणा, व्यसन आणि मृत्यू यांची भीती या गीतांत वारंवार येते. भीतीचे वर्णन करणे आणि दुष्टाची पूजा करणे यांत अंतर आहे. हे अंतर सर्वच बँडनी पाळले नाही, हेही खरे. त्याचा विचार पुढे करू.

षड्ज, पंचम आणि गंधार

या संगीतात कीबोर्डवादकाला जागा मिळणे सोपे नसते. त्याचे कारण नादाच्या शास्त्रात आहे. तंबोऱ्याची खर्जाची तार छेडली की मूळ षड्जाबरोबर सूक्ष्म गंधारही कानी येतो, हे आपल्या गायकांना ठाऊक आहे. प्रत्येक तारेतून मूळ स्वराबरोबर असे अनेक उपस्वर निघतात. गिटारचा आवाज मुद्दाम फाडला की हे उपस्वर कैकपटींनी वाढतात आणि श्रवणाचा मधला सारा पट्टा व्यापून टाकतात. त्याच पट्ट्यात कीबोर्डवादकाने दोन्ही हातांनी भरगच्च स्वर दाबले, तर चिखल होतो. गिटारही कळत नाही आणि कीबोर्डही.

म्हणून मेटलमधील गिटारवादक बहुधा फक्त षड्ज आणि पंचम एकत्र वाजवतो. फाटलेल्या आवाजात गंधार मिसळला की तो कर्कश होतो, म्हणून गंधार वगळला जातो. आता पाश्चात्त्य संगीतात स्वरसमूह प्रसन्न वाटेल की खिन्न, हे मुख्यत्वे गंधारावर ठरते: शुद्ध गंधार असला तर प्रसन्न, कोमल गंधार असला तर खिन्न. गिटारने जी जागा रिकामी ठेवली ती कीबोर्डवादक भरू शकतो. वरच्या सप्तकात त्याने एक कोमल गंधार धरून ठेवला, तर साऱ्या वाद्यवृंदाचा भाव बदलतो. एका बोटाने एवढे काम होते, पण कोणत्या क्षणी ते बोट ठेवावे हे कळण्यासाठी इतर सर्वांचे वादन कान देऊन ऐकावे लागते.

सामान्यतः या वादकाची कामे पाच प्रकारची असतात. पहिले, ऑर्गनचा भरदार नाद गिटारच्या तोडीस तोड उभा करणे. दुसरे, व्हायोलिनवृंदाचा किंवा समूहगायनाचा नाद मागे पसरून ठेवणे. कापडाला अस्तर असावे तसा तो असतो. तिसरे, गिटारप्रमाणे एकेका स्वराची द्रुत तान घेणे. कीबोर्डवर मींड निघत नाही. म्हणून सिंथेसायझरच्या डाव्या बाजूला स्वर वाकवणारे एक चाक असते आणि निष्णात वादक त्यावर डावा हात ठेवूनच तान घेतो. चौथे, गीताच्या आरंभी किंवा मध्ये केवळ पियानोचा शांत भाग वाजवणे, म्हणजे पुढचा गडगडाट अधिक जाणवतो. पाचवे, वारा, घंटा, यंत्रांची घरघर असे नाद घडवणे.

या सर्वांत डाव्या हाताला आवर घालणे हा पहिला धडा असतो. एकट्याने पियानो वाजवणारा डाव्या हाताने खालचे स्वर देतो. वाद्यवृंदात ते काम बेस गिटारचे असते. आपल्या गायकवृंदातील वादकांनीही हे लक्षात घेण्यासारखे आहे.

चर्चमधून निघालेले वाद्य

हेवी मेटलमधील पहिला महत्त्वाचा कीबोर्ड म्हणजे हॅमंड ऑर्गन, आणि हॅमंड ऑर्गनचे मोठे गिऱ्हाईक होते चर्च! अमेरिकेतील शिकागोच्या लॉरेन्स हॅमंड यांनी १९३४ साली या विद्युत वाद्याचे पेटंट मिळवले आणि १९३५ साली ते बाजारात आले. त्यात विजेच्या मोटारीवर फिरणाऱ्या दातेरी चकत्या असतात. त्यांच्यामुळे चुंबकीय गुंडाळ्यांत विद्युत कंपने उत्पन्न होतात आणि त्यांचा ध्वनिवर्धकातून नाद होतो. ज्या धर्मग्रामांना नळ्यांचा मोठा ऑर्गन परवडत नव्हता, त्यांच्यासाठी हा स्वस्त पर्याय होता. नळ्यांच्या ऑर्गनशी बरोबरी करणाऱ्या हॅमंड कंपनीच्या जाहिरातींवर अमेरिकेच्या व्यापार आयोगापुढे तक्रार गेली. तेव्हा शिकागो विद्यापीठाच्या प्रार्थनामंदिरात दोन्ही वाद्ये आलटून पालटून ऐकवून संगीतज्ञांची परीक्षा घेण्यात आली आणि त्यांनाही प्रत्येक वेळी फरक सांगता आला नाही. तथापि आयोगाने १९३८ साली काही दावे मागे घेण्यास कंपनीला भाग पाडले.

पुढे हे वाद्य कृष्णवर्णीय ख्रिस्ती मंडळ्यांच्या भक्तिगीतांतून जॅझमध्ये व तेथून रॉक संगीतात गेले. इंग्लंडमधील 'डीप पर्पल' या १९६८ साली स्थापन झालेल्या बँडचे जॉन लॉर्ड (१९४१-२०१२) यांनी लहानपणी शास्त्रीय पियानोचे शिक्षण घेतले होते. त्यांनी हॅमंड ऑर्गनचा आवाज गिटारसाठी बनवलेल्या मार्शल ध्वनिवर्धकातून काढला. त्यामुळे ऑर्गनही गिटारसारखा फाटू आणि गर्जू लागला. याच लॉर्ड यांनी २४ सप्टेंबर १९६९ रोजी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये आपला बँड आणि रॉयल फिलहार्मोनिक वाद्यवृंद यांना एकत्र आणणारी स्वतःची रचना सादर केली. पुढच्या काळात मेटलमध्ये जे 'सिंफनिक' वळण आले, त्याची ही एक पूर्वखूण होय.

दुसरे वाद्य मेलोट्रॉन. तेही बर्मिंगहॅमचेच, १९६३ सालचे. त्याच्या प्रत्येक पट्टीखाली ध्वनिफितीचा एक तुकडा असतो आणि त्यावर व्हायोलिन, बासरी किंवा समूहगायन मुद्रित केलेले असते. पट्टी दाबली की तो तुकडा सुमारे आठ सेकंद वाजतो. ब्लॅक सॅबथच्या १९७२ सालच्या अल्बममधील एका गीतात गिटार आणि ड्रम पूर्णपणे वगळून पियानो व मेलोट्रॉनवर भर दिला आहे.

तिसरे सिंथेसायझर. अमेरिकेतील रॉबर्ट मूग यांनी १९६४ साली त्याची रचना केली. १९६९ साली असे एक यंत्र अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेतही आले होते. १९७० साली 'मिनिमूग' हे सहज नेता येणारे रूप बाजारात आले. त्यात एका वेळी एकच स्वर वाजे. पुढे एकाच वेळी अनेक स्वर वाजवणारी यंत्रे आली. १९८३ साली यामाहाचे 'डीएक्स ७' आले आणि त्याच वर्षी 'मिडी' ही निरनिराळ्या कंपन्यांची यंत्रे परस्परांशी जोडणारी पद्धत सुरू झाली. आज आपल्या चर्चमध्ये दिसणारे यामाहा, कॅसिओ किंवा रोलँडचे कीबोर्ड याच वंशातील होत. त्यातील 'चर्च ऑर्गन', 'क्वायर', 'स्ट्रिंग्ज' ही बटणे दाबली की ऐकू येणारे नाद आणि मेटलच्या रंगमंचावरील नाद यांचे कूळ एकच आहे.

पडद्यामागचा वादक

मेटलच्या चाहत्यांना कीबोर्डविषयी बराच काळ संशय होता. यंत्राने गिटारची मर्दुमकी कमी होते, अशी भावना होती. 'क्वीन' या बँडने १९७० च्या दशकातील आपल्या अल्बमच्या वेष्टनावर सिंथेसायझर वापरला नसल्याचे अभिमानाने छापले होते. १९८० साली मात्र त्यांनीही तो स्वीकारला. या बँडचा गायक व पियानोवादक फ्रेडी मर्क्युरी हा पारशी कुटुंबातील फारुख बलसारा. आपल्या महाराष्ट्रात, पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत, तो शिकला. तेथेच त्याने पियानोचे धडे घेतले आणि शाळकरी मित्रांच्या 'हेक्टिक्स' या बँडमध्ये पियानो वाजवला.

जेफ निकल्स यांची कथा अधिक बोलकी आहे. १९७९ पासून सुमारे पंचवीस वर्षे ते ब्लॅक सॅबथसाठी कीबोर्ड वाजवत होते, पण कार्यक्रमात त्यांची जागा बहुतेक वेळा रंगमंचाच्या कडेला, प्रेक्षकांच्या नजरेआड असे. नाद ऐकू येई, माणूस दिसत नसे. २०१७ साली त्यांचे निधन झाले.

नंतरच्या पिढीत हे चित्र पालटले. फिनलंडमध्ये १९९६ साली स्थापन झालेल्या 'नाइटविश' या बँडचा प्रमुख रचनाकार टुओमस होलोपायनेन हा कीबोर्डवादकच आहे. अमेरिकेच्या 'ड्रीम थिएटर'मध्ये १९९९ पासून वाजवणारे जॉर्डन रुडेस हे न्यूयॉर्कच्या प्रसिद्ध जुलिअर्ड संगीत संस्थेत शिकलेले पियानोवादक. ज्यांना वाटते की मेटलसाठी अभ्यास लागत नाही, त्यांनी हे ध्यानात घ्यावे. या वादकांचा रियाझ शास्त्रीय पियानोवादकाच्या रियाझाहून हलका नसतो.

आपल्या देशात आणि राज्यात

कीबोर्डशी आपला समाज अपरिचित नाही. पोर्तुगीज काळापासून गोव्यातील धर्मग्रामशाळांत मुलांना स्वरलिपी वाचावयास शिकवीत. तेथे घडलेल्या कॅथलिक वादकांनी पुढे मुंबईच्या चित्रपटसंगीताचा वाद्यवृंद उभा केला. माजोर्ड्याचे व्हायोलिनवादक अँथनी गोन्साल्विस (१९२७-२०१२) हे त्यांतील एक ठळक नाव.

मुंबईत १९८४ साली 'रॉक मशीन' हा बँड सुरू झाला. पुढे तो 'इंडस क्रीड' या नावाने ओळखला गेला. त्यात झुबीन बालापोरिया कीबोर्ड वाजवीत. खऱ्या अर्थाने जड मेटलमध्ये कीबोर्डला मध्यवर्ती स्थान देणारा मुंबईचा वाद्यवृंद म्हणजे २००० साली साहिल मखिजा यांनी स्थापन केलेला 'डेमोनिक रिझरेक्शन'. हुसैन बंदुकवाला यांनी अनेक वर्षे त्यात कीबोर्ड वाजवला. २०१० साली लंडनच्या 'मेटल हॅमर' नियतकालिकाचा आंतरराष्ट्रीय पुरस्कार या बँडला मिळाला. नाव ऐकून ख्रिस्ती माणूस दचकतो आणि ते स्वाभाविक आहे. पण याच बँडने २०१७ साली विष्णूच्या दहा अवतारांवर 'दशावतार' हा अल्बम काढला. केवळ नावावरून आशयाचा पूर्ण अंदाज येत नाही, एवढाच बोध यातून घ्यावा.

आपल्या विदर्भात मेटलचे स्वतंत्र रंगमंच क्वचितच. येथे कीबोर्ड दिसतो तो मिरवणुकीतील धुमाल पथकांत, लग्नाच्या ऑर्केस्ट्रात, महाविद्यालयीन स्नेहसंमेलनात आणि आपल्या चर्चमध्ये. अनेकदा तोच वादक, तेच वाद्य. वाद्यावरून माणसाची परीक्षा करण्याची घाई किती फसवी असते, हे पेटीच्या इतिहासावरून कळते. परदेशातून आलेली पेटी भारतीय संगीताला घातक आहे असे ठरवून १९४० साली आकाशवाणीने तिच्यावर बंदी घातली. ही बंदी १९७१ च्या सुमारास शिथिल होऊ लागली. आज पेटीशिवाय भजनी मंडळाची कल्पना करवत नाही.

हे सैतानाचे संगीत आहे काय?

एक प्रचलित समज असा की मध्ययुगीन ख्रिस्तसभेने एका विशिष्ट स्वरांतराला 'सैतानाचा स्वर' म्हणून बंदी घातली होती आणि मेटलने तेच मुद्दाम उचलले. हे स्वरांतर म्हणजे षड्ज आणि तीव्र मध्यम यांतील अंतर. ते गाण्यास अवघड व अस्थिर असल्याने जुन्या रचनाकारांनी ते टाळले, हे खरे; पण त्यावर ख्रिस्तसभेने बंदी घातल्याचा आधार सापडत नाही, आणि ते सैतानी नाव बऱ्याच नंतरच्या काळातील संगीतग्रंथांत रूढ झाले. तीव्र मध्यम तर आपल्या यमन रागात आहे, आणि सायंकाळच्या प्रार्थनेला यमन किती शोभतो हे सांगावयास नको. मेटलमध्ये आवडीने वापरली जाणारी एक स्वरपंक्ती भैरवी थाटाशी जुळते. स्वर स्वतः पापी नसतात.

मात्र सत्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १९९० च्या दशकाच्या आरंभी नॉर्वेमध्ये 'ब्लॅक मेटल' या शाखेतील काही तरुणांनी चर्चना आगी लावल्या. ६ जून १९९२ रोजी बर्गनजवळचे फान्टोफ्ट येथील प्राचीन लाकडी चर्च जळून खाक झाले. याच गटांतील काहींवर आगी लावण्याचे व खुनाचेही गुन्हे सिद्ध झाले. त्या शाखेच्या काही गाजलेल्या अल्बममध्ये कीबोर्डचे अत्यंत सुरेख काम आहे. सौंदर्य आणि द्वेष एकाच ध्वनिमुद्रिकेत नांदू शकतात, म्हणूनच ख्रिस्ती माणसाला विवेकाची गरज आहे.

या विवेकाची दुसरी उदाहरणेही आहेत. इटलीतील कॅपुचिन बंधू चेझारे बोनित्झी यांनी संन्यस्त वस्त्रात, पांढरी दाढी मिरवीत मेटल गायले. 'फ्रातेल्लो मेताल्लो' या नावाच्या त्यांच्या बँडचा अल्बम २००८ साली निघाला आणि त्याच वर्षी त्यांनी इटलीतील मोठ्या मेटल महोत्सवात गायन केले. पुढच्याच वर्षी, २००९ मध्ये, प्रसिद्धीमुळे आपल्या संन्यस्त जीवनावर ताण येत असल्याचे जाणवून त्यांनी ते थांबवले. सुरू करण्याइतकेच थांबणेही विवेकाचे होते. पोर्तुगालचे धर्मगुरू गिलेर्मे पेशोतो यांनी ६ ऑगस्ट २०२३ रोजी लिस्बनच्या जागतिक युवादिनी, पोप फ्रान्सिस यांच्या मिस्सेपूर्वी, पहाटे लाखो तरुणांना इलेक्ट्रॉनिक संगीताने जागे केले. ते संगीत मिस्सेपूर्वी झाले, मिस्सेत नव्हे, हे महत्त्वाचे.

वेदीजवळचा कीबोर्ड

आता मुख्य मुद्दा. पोप दहावे पायस यांनी २२ नोव्हेंबर १९०३ रोजी उपासना-संगीताविषयी जो आदेश दिला, त्यात पियानो आणि ड्रमसारखी गोंगाटाची वाद्ये चर्चमध्ये निषिद्ध ठरवली होती. द्वितीय व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेसंबंधी संविधान प्रसिद्ध केले. त्याच्या १२० व्या परिच्छेदात नळ्यांच्या ऑर्गनला मानाचे स्थान देऊन, इतर वाद्यांनाही प्रादेशिक धर्माधिकाऱ्यांच्या संमतीने प्रवेश दिला. अट एवढीच की ते वाद्य पवित्र उपयोगास योग्य असावे, मंदिराच्या प्रतिष्ठेला साजेसे असावे आणि त्याने भाविकांची श्रद्धा वाढावी. ५ मार्च १९६७ च्या सूचनापत्राने आणखी स्पष्ट केले: वाद्यांनी गायनाला आधार द्यावा, शब्द ऐकू येणार नाहीत इतके मोठे होऊ नये, आणि धर्मगुरू मोठ्याने प्रार्थना करीत असताना गप्प राहावे. केवळ लौकिक संगीतालाच योग्य मानली जाणारी वाद्ये उपासनेत आणू नयेत, असेही तेथे सांगितले आहे.

या कसोटीवर हेवी मेटल मिस्सेत बसत नाही, आणि तसा प्रयत्न कोणी करू नये. ज्या संगीतात ध्वनीने श्रोत्याला झाकून टाकणे हाच हेतू आहे, ते देवशब्द ऐकण्याच्या वेळी योग्य ठरत नाही. पण याच कसोटीवर आपल्या धर्मग्रामांतील रूढ वादनही तपासावे लागेल. बहुतेक कीबोर्डमध्ये 'स्टाइल' किंवा 'रिदम' नावाचे बटण असते. डाव्या हाताने एक स्वरसमूह दाबला की यंत्र स्वतःच ढोलक, बेस आणि गिटार वाजवू लागते. प्रवेशगीतापासून ख्रिस्तशरीर स्वीकारण्यापर्यंत तोच ठेका चालू राहतो. भाविक संथ झाले तरी यंत्र थांबत नाही. कोणी वृद्ध आजी ओळ लांबवीत असेल तर यंत्र तिला मागे टाकून पुढे जाते. पोप बारावे पायस यांच्या काळात, ३ सप्टेंबर १९५८ रोजी निघालेल्या सूचनापत्रात म्हटले होते की उपासनेत केवळ माणसाने स्वतः वाजवलेली वाद्येच असावीत, आपोआप वाजणारी नसावीत. त्या पत्रातील अनेक तपशील नंतर बदलले, पण त्यामागचे कारण आजही खरे आहे. उपासना हे जिवंत माणसांनी देवाला केलेले अर्पण आहे, आणि यंत्र अर्पण करू शकत नाही.

येथे एक विलक्षण गोष्ट दिसते. हेवी मेटल वाजवणाऱ्या चांगल्या कीबोर्डवादकाला हे तयार ठेक्याचे बटण ठाऊक असले तरी तो त्याला हात लावत नाही. डावा हात आवरणे, गिटारसाठी जागा सोडणे, एकच स्वर योग्य वेळी धरणे, इतरांचे ऐकून आपला आवाज कमी करणे, हे त्याने शिकलेले असते. गायनाला आधार देणाऱ्या वादकाला नेमके हेच हवे. त्याला शिकायचे राहते ते उपासनेचे मर्म. १९६७ च्या सूचनापत्रानेही वादकांना कौशल्याबरोबर उपासनेचा आत्मा समजून घेण्यास सांगितले आहे. प्रायश्चित्तकाळात वाद्ये केवळ गायनाच्या आधारापुरती वाजवावीत (चौथा रविवार, महोत्सव व सण वगळून), हे त्याला कोणीतरी सांगावे लागेल. पवित्र गुरुवारच्या महिमागीतानंतर पास्काजागरणाच्या महिमागीतापर्यंतही हाच संयम पाळावयाचा असतो. तसेच ख्रिस्तशरीर स्वीकारल्यानंतरची शांतता ही रिकामी जागा नसून प्रार्थना आहे, हेही त्याला समजावे लागेल.

आपल्या जिल्ह्याला शांततेची ओळख करून द्यावी लागत नाही. सेवाग्रामच्या प्रार्थनाभूमीवर आजही सर्वधर्म प्रार्थना होते. गांधीजींच्या प्रिय प्रार्थनागीतांत एक गीत जॉन हेन्री न्यूमन यांचे होते. याच न्यूमन यांना ख्रिस्तसभेने १३ ऑक्टोबर २०१९ रोजी संत म्हणून घोषित केले. ते गीत गाण्यासाठी कोणताही ठेका लागत नाही.

पालकांनी आणि धर्मग्रामाने काय करावे?

पालकांनी प्रथम मुलाबरोबर बसून ऐकावे आणि शब्दांचा अर्थ त्यालाच विचारावा. देवनिंदा, आत्मघात किंवा द्वेष यांचे गोडवे गाणारे गीत असेल, तर स्पष्ट नकार द्यावा आणि कारणही सांगावे. त्याच्या जीवनातील फळे पाहावीत: झोप, अभ्यास, घरातील बोलणे, प्रार्थना, दीनदुबळ्यांविषयी कणव. फळावरून झाड ओळखावे ही प्रभू येशूची शिकवण येथेही लागू आहे. कानांचीही काळजी घ्यावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत सुरक्षित असतो. आवाज वाढला की हा अवधी झपाट्याने घटतो.

धर्मग्रामाने अशा तरुणाला गायकवृंदातून दूर करू नये. त्याच्याकडून वाजवून घ्यावे, पण तयार ठेक्याचे बटण बंद ठेवून. सरावाच्या वेळी प्रमुख धर्मगुरूंनी अर्धा तास त्या रविवारची वाचने समजावून द्यावीत. त्याच्या आवडीच्या संगीतासाठी नाताळच्या संमेलनात किंवा युवक मेळाव्यात सभागृहाचा रंगमंच मोकळा करावा, आणि वडीलधाऱ्यांनी तेथे पहिल्या रांगेत बसावे. जो तरुण सभागृहात ऐकला जातो, तो मिस्सेत इतरांचे ऐकावयास अधिक तयार असतो.

२२ नोव्हेंबर हा संगीतकारांची आश्रयदात्री संत सेसिलिया हिचा सण. त्या निमित्ताने प्रत्येक धर्मग्रामाने आपल्या वादकांना बोलावून त्यांच्याशी मनमोकळे बोलावे, त्यांच्यासाठी मिस्सा अर्पण करावी आणि त्या एका मिस्सेत तरी तयार ठेका पूर्ण बंद ठेवून भाविकांचा आवाज ऐकावा. वाजवणाऱ्या प्रत्येक हातावर प्रभूचा आशीर्वाद असो.